पडद्यावरचा आंग्रे : चाचा की सरखेल?

'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन'च्या २००७ मधील तिसऱ्या चित्रपटातील हिंदी महासागराचा चाचेप्रमुख 'सुंभाजी अँग्रिया' काल्पनिक आहे. नाव मात्र कान्होजी आंग्र्यांचे पुत्र संभाजी यांचे. समुद्रापासून दूर इंदूरमध्ये वाढलेल्या मराठी विद्यार्थ्याला आंग्रे प्रथम येथेच भेटण्याचा संभव आहे. पात्राला पगडी मिळाली, दस्तक मिळाले नाही. खरा वाद दस्तकाचाच होता. पोर्तुगीज परवाना विकत आणि बिनपरवाना जहाज पकडत, ती सत्ता. छत्रपतींचे सरखेल कान्होजी दस्तक मागत, ती चाचेगिरी! (जमिनीवरच्या जकातनाक्याला कोणी लूट म्हणत नाही.) १६०० मध्ये गोव्यात शिरच्छेद झालेले कुंजाली मरक्कारही पोर्तुगीजांच्या लेखी चाचेच. मुंबईत आज भारतीय नौदलाचे 'आंग्रे' आणि 'कुंजाली' असे दोन तळ आहेत.