कोकणी विनोद आणि कोकणची स्वप्रतिमा : झाईच्या बाजूने एक वाचन

महाराष्ट्राच्या किनाऱ्याचा विस्तार सांगताना ‘झाईपासून रेडीपर्यंत’ असा शब्दप्रयोग आपण सवयीने करतो. मराठी साहित्यव्यवहारात मात्र ‘कोकण’ हा शब्द उच्चारताच त्याचा अर्थ संकोच पावतो. त्यात रत्नागिरी येते, मालवण येते. तलासरी तालुक्यातील झाई आणि तिच्या परिसरातील मांगेले, वारली येत नाहीत. हा संकोच निव्वळ भौगोलिक नाही. कोकणने स्वतःविषयी जी प्रिय प्रतिमा जोपासली आणि जिचा पुरावा म्हणून कोकणी विनोदाकडे बोट दाखवले जाते, तिच्या घडणीतच तो अनुस्यूत आहे, असे येथे सुचवायचे आहे.

ही प्रतिमा सर्वपरिचित आहे. कोकणी माणूस दरिद्री पण मानी, जिभेने तिखट पण आतून हळवा. त्याला फणसाची उपमा ठरलेली. तिला सर्वाधिक मान्यता मिळवून दिली ती पु. ल. देशपांडे यांच्या ‘अंतू बर्वा’ या व्यक्तिचित्राने. गावात वीज येऊ घातली असता अंतूला तिचे अप्रूप नाही, कारण उजेडात दिसायचे ते आपले दारिद्र्यच. या उद्गारातील कारुण्य अस्सल आहे, याविषयी दुमत नसावे. परंतु आपल्या आस्वादक समीक्षेने येथे दाद दिली आणि ती थांबली. दारिद्र्य कोठून आले, हा प्रश्न तिने विचारला नाही. ज्या प्रदेशात खोती नष्ट व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ मध्ये विधेयक मांडले आणि जेथे ती रद्द करणारा कायदा १९४९ मध्ये झाला, तेथील दारिद्र्याला जमिनीच्या मालकीचा इतिहास आहे. विनोदाच्या ग्रहणात हा इतिहास स्वभावात विरघळतो. कारणाच्या जागी वल्ली येते. शिवाय तिरकस बोलण्यासाठी फुरसत लागते, आणि आपले बोलणे ऐकून घेतले जाईल अशी खात्रीही. अंतूपाशी पैसा नसेल. ही खात्री मात्र आहे. कुळापाशी ती होती काय?

गंगाराम गवाणकर यांच्या ‘वस्त्रहरण’ने १९८० मध्ये या चित्राला छेद दिला, हे मान्य केले पाहिजे. मालवणी बोली व्यावसायिक रंगभूमीच्या मध्यभागी आली. पांढरपेशा कोकणाबाहेरचे गावकरी बोलू लागले. मच्छिंद्र कांबळी यांच्या तात्या सरपंचाने सत्तेलाही हास्यास्पद केले. तथापि या यशाचा एक मोठा आधार मुंबईतील चाकरमानी प्रेक्षक होता. त्याला सोडून आलेले गाव हवे होते. परंतु ज्या कारणांनी ते सोडावे लागले, ती नको होती. अशा स्मरणरंजनात शिवीदेखील निरुपद्रवी होते आणि बोली ही प्रश्न मांडण्याचे साधन न राहता हशाची हमी ठरते.

आता हेच कोकण झाईच्या बाजूने पाहावे. तलासरी-डहाणू परिसरात १९४५ मध्ये वारल्यांनी वेठबिगार आणि लग्नगडी या प्रथांविरुद्ध उठाव केला. त्याची कहाणी सांगणारे गोदावरी परुळेकर यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ १९७० मध्ये प्रसिद्ध झाले आणि १९७२ मध्ये साहित्य अकादमी पुरस्काराने सन्मानित झाले. येथे दारिद्र्याला नाव आहे, गाव आहे, मालक आहे. तरीही हे पुस्तक आपण चळवळीचा दस्तऐवज म्हणून वाचतो. कोकणच्या वाङ्मयीन स्वप्रतिमेची चर्चा करताना ते हाताशी घेत नाही. डहाणू तालुक्यातील जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. वारली आपल्याला चित्रकार म्हणून ठाऊक झाला. तो बोलतो, टोमणा मारतो, हसतो, ही शक्यता मात्र आपल्या विनोदचर्चेने गृहीतच धरलेली नाही. त्याची रेषा आपण भिंतीवर लावली, त्याची बोली ऐकली नाही.

येथे एक आक्षेप संभवतो : विनोदाकडून समाजशास्त्राची अपेक्षा करणे हा त्याच्यावर अन्याय नव्हे काय? अपेक्षा विनोदाकडून नाही, समीक्षेकडून आहे. एका लेखकाने एक म्हातारा रंगवला, हा त्याचा अधिकार. त्या म्हाताऱ्याला साऱ्या किनाऱ्याचे आत्मचित्र ठरवले ते आपण. अंतूचे दुःख खोटे नाही, पण ते कोकणचे एकमेव दुःख नाही. आणि त्याचे हसू हे कोकणचे एकमेव हसू तर नाहीच. कोकणी विनोदाची मीमांसा करू पाहणाऱ्या अभ्यासकाने यापुढे एक साधा प्रश्न विचारावा : जो हसतो आहे त्याच्या पायाखालची जमीन कोणाच्या नावावर आहे? हा प्रश्न विचारल्याने विनोद कोमेजेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. कोमेजलीच, तर आपली स्वतःवरील प्रसन्नता कोमेजेल.