तारेच्या क्लिपची सनद

जुन्या दप्तरांशीं ज्यांचा संबंध येतो त्या सर्वांस कागद एकत्र धरणारी तारेची क्लिप परिचित आहे, आणि ती बहुधा शत्रु म्हणूनच. चार पावसाळे लोटले कीं तिचा गंज कागदांत उतरतो. पुढें ती काढून टाकली तरी दुहेरी वेढ्याचा तांबूस ठसा राहतोच. या क्षुद्र वस्तूविषयीं एक विधान कोशांतून व नियतकालिकांतून वारंवार आढळतें. तें असें कीं, क्लिपचा शोध नॉर्वे देशाच्या योहान व्हालर (१८६६–१९१०) यानें लावला व १९०१ सालचें पेटंट हा त्याचा पुरावा होय. विधानास लेखी आधार आहे, साल आहे, सरकारी शिक्का आहे. तरीही आमच्या मतें तें टिकण्यासारखें नाहीं. आणि तें जेथें ढांसळतें ती जागा कागदपत्रांच्या अभ्यासकांनीं अवश्य पाहण्याजोगी आहे.

पेटंट या शब्दाच्या लॅटिन मूळाचा अर्थ उघडें असणें असा आहे. इंग्लंडच्या राजाकडून जीं पत्रें मोहोर लटकवून, परंतु बंद न करतां, सर्वांनीं वाचावीं म्हणून दिलीं जात, त्यांस हें विशेषण लागे. आमच्या दप्तरांतील सनद हा शब्द त्यास पुष्कळसा जुळतो. कल्पकानें आपल्या कृतीचें वर्णन व आकृति सरकारांत दाखल करावी, आणि सरकारनें त्याबद्दल त्यास ठराविक मुदतीपुरता एकाधिकार द्यावा, असा हा व्यवहार आहे. वर्णन कितीही विस्तृत असलें तरी हक्क मिळतो तो अखेरच्या क्रमांकित कलमांत मागितला असेल तेवढाच. म्हणजे येथें भाष्य अगोदर व सूत्र शेवटीं. भाष्याचा मथळा पाहून सूत्र न वाचतां पोथी मिटणारा वाचक फसतो, आणि व्हालरच्या बाबतींत नेमकें तेंच झालें आहे.

व्हालर हा क्रिस्तियानिया येथें, म्हणजे हल्लींच्या ऑस्लो शहरीं, पेटंटांचें काम पाहणाऱ्या एका कचेरींत नोकरीस होता. त्यास १९०१ सालीं जर्मनींत व अमेरिकेंत पेटंट मिळालें. अमेरिकेचें ४ जून १९०१ चें असून त्याचा क्रमांक ६,७५,७६१ आहे. त्यांत सांगितलेली वस्तु अशी : तारेचा तुकडा चौकोनी, त्रिकोणी किंवा अन्य आकारांत वांकवावा, आणि त्याचीं टोकें एकमेकांशेजारीं परंतु उलट दिशांस पडावीं. आपण रोज वापरतों त्या क्लिपमधील आंतला पुरा वेढा यांत नाहीं. तो नसल्यामुळें कागद सहज आंत सरकत नाहींत. ही क्लिप बाजारांत आलीच नाहीं.

प्रचलित दुहेरी वेढ्याची क्लिप ‘जेम’ या नांवानें ओळखली जाते. तिचें स्वतःचें पेटंट कोणीं घेतलेलें नाहीं. परंतु ७ नोव्हेंबर १८९९ रोजीं कनेटिकट संस्थानांतील वॉटरबरी येथल्या विल्यम मिडलब्रुक यास क्लिपा बनविण्याच्या यंत्राचें पेटंट मिळालें, आणि त्याच्या आकृतींत यंत्रांतून निघणारी क्लिप स्पष्टपणें जेमचीच आहे. यंत्र करण्याइतकी मागणी त्यापूर्वीं असलीच पाहिजे. १९०४ सालीं कुशमन आणि डेनिसन या अमेरिकन पेढीनें जेम हें व्यापारचिन्ह नोंदविलें, तेव्हां तें मार्च १८९२ पासून वापरांत असल्याचें तिनें सांगितलें. आणखी मागें गेल्यास १८६७ सालीं सॅम्युएल फे यानें कपड्यास चिठ्ठी अडकविण्याच्या तारेच्या चापाचें पेटंट घेतलें होतें.

मग आख्यायिका उपजली कशी? १९२०–३० च्या सुमारास जर्मनींत गेलेल्या एका नॉर्वेजियन पेटंट-अधिकाऱ्यास व्हालरचा कागद आढळला. त्यानें आकृति बारकाईनें ताडून न पाहतां शोधाचें श्रेय देशबांधवास देऊन टाकलें. पुढें जर्मनांनीं १९४० सालीं नॉर्वे व्यापल्यावर तेथील लोक ऐक्याची खूण म्हणून कोटास क्लिप लावूं लागले, आणि युद्धानंतर व्हालरची कथा कोशांत शिरली. १९८९ सालीं ऑस्लोजवळ सांदविका येथें प्रचंड क्लिप उभारली गेली. १९९९ सालीं टपालाचें तिकीटही निघालें. दोन्हींवरील आकृति जेमची! तिकिटावर तर पार्श्वभूमीस व्हालरचें पेटंटही छापलें आहे. मूळ प्रत डोळ्यांपुढें ठेवून चुकीचा पाठ छापण्याचें इतकें ठळक उदाहरण आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

सनद मिळाली म्हणजे वहिवाट झाली असें इनामांच्या वादांत कोणी मानीत नाहीं. गांव कोणास दिला हें सनद सांगते. वसूल कोणीं घेतला हें ताळेबंद सांगतो. पेटंटासही हाच न्याय लागू करावयास हवा. जिलेट याच्या वस्तऱ्यास १५ नोव्हेंबर १९०४ रोजीं पेटंट मिळालें. विक्री १९०३ सालीं अवघी ५१ वस्तऱ्यांची होती, ती १९०४ सालीं नव्वद हजारांवर गेली. तेथें सनद व वहिवाट दोन्ही सिद्ध आहेत.

आमच्याकडील शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांचीं चरित्रें लिहितांना हा भेद विसरला जातो. मुंबईचे हे कल्पक लंडनला व पुढें न्यूयॉर्कला गेले. त्यांच्या खिळे ओतण्याच्या यंत्रासाठीं दादाभाई नौरोजींनीं व नंतर रतन टाटांनीं साह्य केलें. त्यांची बुद्धि निर्विवाद आहे. परंतु पेटंटांची संख्या मोजून थोरवी ठरविणारे लेखक त्यांच्यावर अन्यायच करतात. कोणत्या पेटंटांत कोणतें कलम मागितलें, यंत्र किती छापखान्यांत चाललें आणि भांडवल कोठें अडलें, हें तपासल्यास त्यांच्या झगड्याचें स्वरूप कळेल. अभिमानासही तें अधिक बळकट खाद्य आहे.

संग्राहकांस आणखी एक विनंती. कागदावर दुहेरी वेढ्याचा ठसा दिसला तर १९०१ ही त्याची पूर्वमर्यादा धरूं नये. तो ठसा बांधणीचा काळ सुचवितो, लेखनाचा नव्हे. शंभर वर्षांच्या जुन्या यादीसही एखाद्या कारकुनानें काल क्लिप लावलेली असूं शकते. म्हणून क्लिप काढतांना ती टाकून देण्यापूर्वीं तिची आकृति टिपणवहींत काढून ठेवावी, आणि ती कोणत्या पानापासून कोणत्या पानापर्यंत होती तेंही लिहावें.