‘विलीनीकरण’ : एका संज्ञेची चिकित्सा

संस्थानांविषयीच्या मराठी लेखनात ‘विलीनीकरण’ ही संज्ञा सरसकट योजिली जाते. वस्तुतः तीत तीन भिन्न घटना एकत्र कोंबल्या गेल्या आहेत. १९४७ च्या सामीलनाम्याने कोल्हापूरसारख्या संस्थानाने संरक्षण, परराष्ट्रव्यवहार व दळणवळण एवढेच विषय केंद्राकडे सोपविले; अंतर्गत सत्ता संस्थानिकाकडेच राहिली. खरे विलीनीकरण त्यानंतरचे : सांगली, औंध आदी दक्षिणी संस्थाने मार्च १९४८ मध्ये, तर कोल्हापूर मार्च १९४९ मध्ये मुंबई प्रांतात मिळाले. आज नाशिक जिल्ह्याचा तालुका असलेले सुरगाणाही १९४८ सालीच त्या प्रांतात आले. हैदराबादचा प्रकार निराळाच. तेथे नोव्हेंबर १९४७ चा ‘जैसे थे’ करार झाला आणि पुढे १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची लष्करी मोहीम. शासनाने तिला ‘पोलीस कारवाई’ म्हटले. मराठवाडा १७ सप्टेंबर हा ‘मुक्तिसंग्राम दिन’ म्हणून पाळतो.

‘विलीन’ या शब्दाच्या मुळाशी ‘ली’ धातू असून त्यात विरघळण्याचा भाव आहे. मीठ पाण्यात विरघळले म्हटले की ढवळणारा हात दिसेनासा होतो. तद्वत या संज्ञेत कर्ता लोपतो, आणि त्याबरोबर कोल्हापूरची प्रजा परिषद व हैदराबादची स्टेट काँग्रेस यांचे लढेही. म्हणून सामीलनामा, विलीनीकरण व मुक्ती या संज्ञा अभ्यासकांनी पृथक् योजणे अगत्याचे आहे.