पुनरुद्धारित मैफलपट आणि निसटलेले प्रयोजन : ‘द लेजेंडरी १९७९ नो न्यूक्स कॉन्सर्ट्स’

प्रस्तावना :
मदतनिधीसाठी झालेल्या मैफलीचा चित्रपट हा करमणुकीचा ऐवज तर असतोच, शिवाय तो एका सामाजिक प्रसंगाचा दस्तऐवजही असतो. पंडित रविशंकर व जॉर्ज हॅरिसन यांनी १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये बांगलादेशी निर्वासितांसाठी घडविलेल्या मैफलींवरील चित्रपट याचा ठळक नमुना होय. त्याच सभागृहात २१ व २२ सप्टेंबर १९७९ रोजी ब्रूस स्प्रिंगस्टीन व त्यांचा ई स्ट्रीट बँड यांनी केलेले सादरीकरण २०२१ मध्ये पुनरुद्धारित रूपात प्रकाशित झाले. या पुनरुद्धारात काय गवसले आणि काय निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पार्श्वभूमी :
२८ मार्च १९७९ रोजी पेनसिल्व्हेनियातील थ्री माईल आयलंड येथील अणुभट्टीत अपघात झाला. त्यानंतर जॅक्सन ब्राऊन, ग्रॅहम नॅश, बॉनी रेट, जॉन हॉल प्रभृती कलावंतांनी ‘म्युझिशियन्स युनायटेड फॉर सेफ एनर्जी’ या संघटनेमार्फत पाच रात्रींच्या मैफली योजिल्या. १९८० च्या ‘नो न्यूक्स’ या चित्रपटात अनेक कलावंतांची गाणी व अणुऊर्जाविरोधी सभेची दृश्ये होती. स्प्रिंगस्टीन यांच्या वाट्याला त्यात मोजकीच गीते आली.

गवसलेले :
संकलक थॉम झिम्नी यांनी मूळ १६ मिलिमीटर फिल्मवरून दोन्ही रात्रींचे सादरीकरण एकत्र गुंफले असून बॉब क्लिअरमाउंटन यांनी ध्वनीचे नव्याने मिश्रण केले आहे. तेरा गीतांच्या या चित्रपटात क्लॅरेन्स क्लेमन्स यांचा सॅक्सोफोन व डॅनी फेडेरिची यांचा ऑर्गन सुस्पष्टपणे ऐकू येतो. हे दोघेही आज हयात नाहीत, हे ध्यानात घेता या ऐवजाचे मोल वेगळे सांगावयास नको.

निसटलेले :
तथापि बँड ठळक होताना प्रसंग मात्र फिका झाला आहे. १९८० च्या चित्रपटातील सभा येथे नाही. डेट्रॉइटजवळील अणुभट्टीच्या अपघातावरील गिल स्कॉट-हेरॉन यांचे गीतही नाही. ब्राऊन व टॉम पेटी येतात, पण ‘स्टे’ या जुन्या प्रेमगीतात साथ देण्यापुरतेच. परिणामी ही मैफल कशासाठी होती, हे न सांगताही चित्रपट पूर्ण भासतो.

याचा सारा दोष पुनरुद्धारकर्त्यांना देणे मात्र न्याय्य ठरणार नाही. स्प्रिंगस्टीन यांनी त्या अपघाताच्या पार्श्वभूमीवर ‘रुलेट’ हे गीत एप्रिल १९७९ मध्येच ध्वनिमुद्रित केले होते. परंतु या मैफलींत ते गायले नाही आणि ते प्रकाशित झाले १९८८ मध्ये. त्याऐवजी ‘द रिव्हर’ हे गीत येथे प्रथमच लोकांसमोर आले. अकाली विवाह व बांधकामावरील आटलेले काम यांत अडकलेल्या तरुणाची ही कथा अणुऊर्जेविषयी काहीच बोलत नाही. मात्र ज्यांच्या आयुष्याचे निर्णय इतरत्र होतात, अशा माणसाला ती आवाज देते. घोषणेपेक्षा व्यक्तिकथेवर असलेला स्प्रिंगस्टीन यांचा हा भर या चित्रपटाचे खरे सामाजिक आशयसूत्र होय.

समारोप :
सारांश, या पुनरुद्धाराने चित्र व ध्वनी उजळले, प्रयोजन मात्र चौकटीबाहेर राहिले. म्हणूनच अभ्यासकाने हा चित्रपट १९८० च्या चित्रपटासोबत पाहणे इष्ट ठरते. एकात बँड पूर्णांशाने भेटतो, तर दुसऱ्यात तो तेथे का आला होता, हे कळते.