कोल्ह्याबद्दल अवाक्षर नाही

माझी पहिली चित्रगोष्ट ११०० शब्दांची होती. सुट्टी संपवून आजोळाहून परत निघालेली एक मुलगी एसटीत खिडकीच्या जागेसाठी हट्ट धरते, एवढाच तिचा जीव. पण कंडक्टरच्या पिशवीचा पट्टा, घाटातला पाऊस, स्टँडवर पोचवायला आलेल्या आजीचं हिरवं लुगडं, सगळं मी मन लावून लिहिलं होतं. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशनाच्या संपादकबाईंनी ती परत पाठवली. सोबत एकच प्रश्न होता : "यात चित्रकारानं काय करायचं?"

मला रागच आला. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते, चित्र काढता येत नाही. म्हणून तर जे जे दिसायला हवं ते सगळं लिहून दिलं होतं. आमच्या धंद्यात अशा कागदाचं कौतुक होतं. राग ओसरल्यावर मी तीन गाजलेली चित्रपुस्तकं समोर घेतली आणि एकच गोष्ट पाहिली : शब्द नेमके कुठे थांबतात?

पहिलं पॅट हचिन्सचं 'रोझीज वॉक' (१९६८). रोझी नावाची कोंबडी शेतावर फेरफटका मारते आणि जेवणाच्या वेळेला परत येते. अख्खा मजकूर ३२ शब्दांचा, एकाच वाक्याचा. चित्रांत मात्र पहिल्यापासून तिच्या मागावर कोल्हा आहे. तो झेप घेतो आणि दाताळं तोंडावर आपटतं, पुढे तळ्यात पडतो, गवताच्या गंजीत रुततो, शेवटी मधमाश्या त्याला पळवून लावतात. मजकुरात या कोल्ह्याबद्दल अवाक्षर नाही. रोझी मागे वळूनही बघत नाही.

यातली गंमत कुणाला आधी कळते? वाचून दाखवणाऱ्या मोठ्या माणसाची नजर अक्षरांवर असते. अक्षरओळख नसलेलं मूल चित्राकडे बघत असतं, आणि कोल्हा त्यालाच आधी दिसतो. वाचता न येणाऱ्याला वाचणाऱ्यापेक्षा जास्त माहीत असतं. एरवी सगळं मोठ्यांनाच ठाऊक असतं, अशा घरात ही लहानसहान गोष्ट नाही. मजकुरात 'कोल्हा' हा एक शब्द आला असता, तर ही सत्ता मुलाच्या हातून गेली असती.

दुसरं मॉरिस सेंडॅकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर' (१९६३). दंगा केला म्हणून मॅक्सला आई उपाशी झोपायला पाठवते. सुरुवातीला चित्र लहान, भोवती भरपूर पांढरी जागा. खोलीत जंगल उगवू लागतं तसं चित्र पानभर पसरत जातं. ऐन धुडगुसाच्या वेळी तर सलग तीन जोडपानांवर एकही शब्द नाही. मग मॅक्स परत निघतो, आणि शब्दही परततात. शेवटच्या पानावर चित्रच नाही. वाढून ठेवलेलं जेवण अजून गरम असल्याची एवढीशी ओळ आहे. आई कुठल्याच चित्रात दिसत नाही, पण तिचा राग गेल्याचं त्या ओळीतून कळतं.

यावर माझ्याकडे तयार उत्तर होतं : हे दोघेही स्वतः चित्रकार, त्यांना काय जातंय गप्प बसायला! सेंडॅकच्या डोक्यात आधी रानटी घोडे होते. घोडे काढायला जमेनात म्हणून त्यांच्या जागी हे अगडबंब प्राणी आले. चित्र काढणाऱ्या हातानं गोष्टच बदलली. माझा हात काय बदलणार?

म्हणून तिसरं पुस्तक महत्त्वाचं. 'द ग्रफेलो' (१९९९) ज्युलिया डोनल्डसननं लिहिलं, चित्रं अ‍ॅक्सेल शेफलरची. यात तर राक्षसाचे सुळे, नख्या, डोळे यांचं रीतसर वर्णन आहे. म्हणजे माझ्यासारखंच? नाही. ते वर्णन उंदीर करतो, आणि तो थापा मारतोय. समोरच्यानं आपल्याला खाऊ नये म्हणून तो शब्दांनी एक राक्षस उभा करतो, आणि पुढे तोच राक्षस खरोखर समोर येतो. चित्र सुळे दाखवू शकतं, पण बोलणाऱ्याचा स्वतःच्याच बोलण्यावर विश्वास नाही, हे एकटं चित्र कसं सांगणार? तिथे शब्दच लागतात. म्हणजे वर्णन करणं हा दोष नाही. माझ्या वर्णनाला दुसरं काही कामच नव्हतं, हा दोष होता.

हे मला इतक्या उशिरा का कळावं? थोडा दोष माझा, थोडा आपल्या समीक्षेचाही. मराठीत माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतःच चित्रं काढतात. त्यांच्या एका पुस्तकाचं नावच 'चित्रवाचन' आहे. चित्र वाचायचं असतं, हे तर मुखपृष्ठावरच सांगून झालंय. तरी चित्रपुस्तकांची मी वाचलेली बहुतेक परीक्षणं गोष्ट सांगतात, तात्पर्य सांगतात आणि शेवटी 'चित्रेही सुरेख' म्हणून हात झटकतात. त्यातलं ते 'ही' मला खुपतं. जे फक्त चित्रात घडतं ते परीक्षणात येतच नाही. अशी परीक्षणं वाचून घडलेली लेखिका सगळं शब्दांतच कोंबणार. पुस्तकाच्या दुकानातही पालक पानं उलटून म्हणतात, "एवढीच अक्षरं?" पैसे अक्षरांचे मोजलेले असतात.

मला शिस्त लागली ती उलट्या बाजूनं. प्रथम बुक्सनं २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीविव्हर'वर इतरांनी काढलेली चित्रं मोफत वापरून आपली गोष्ट रचता येते. चित्र आधीच समोर असल्यावर फ्रॉकचा रंग लिहायची लाज वाटते. जे दिसतंय ते सोडून काय सांगायचं, एवढंच हातात उरतं.

मग मी ए-फोरचे आठ कागद मधोमध दुमडले. ३२ पानांची वही झाली. बरीचशी चित्रपुस्तकं एवढ्याच पानांची असतात. त्या वहीत एसटीची गोष्ट पुन्हा लिहिली. आता ती १४० शब्दांची आहे. मुलगी सगळ्यांना सांगत सुटते की खिडकी हवी, कारण मला गाडी लागते, उलटी होईल. तिला गाडी लागत नाही. खिडकीबाहेर आजी उभी आहे, आणि पान उलटेल तशी ती लहान लहान होत जाते. मजकुरात आजी हा शब्दच नाही. तेवढी एक सूचना चित्रकारासाठी समासात लिहिली आहे.

गेल्या महिन्यात त्याच संपादकबाईंना ती पुन्हा पाठवली. अजून उत्तर नाही. नकार आला तरी या वेळी वाद घालणार नाही असं काही नाही, पण वाद १४० शब्दांवर असेल. आजीला कुठल्या रंगाचं लुगडं नेसवायचं, ते चित्रकार ठरवेल.