फुलपाखरं आणि धाकधूक

मंडळी, वढूत शंभूराजांच्या समाधीजवळ बोलतोय, म्हणून राज्यव्यवहारकोश आठवला. शिवकाळातल्या त्या कोशानं कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. ‘हौस’, ‘खुशी’ मात्र बाहेरून येऊन इथं मुरले. तेव्हा परक्या शब्दाला माझी ना नाही. पण आता बातमीत नटी ‘एक्सायटेड’, दहावीची मुलं ‘एक्सायटेड’, मतमोजणीच्या दिवशी उमेदवारही ‘एक्सायटेड’! कधी पोटात ‘फुलपाखरं’ उडतात, तीही इंग्रजीतलीच. अहो, निकालाआधी आपल्या पोटात गोळा येतो. धाकधुकीत धाक आहे. हुरहुरीत कुणाचं तरी नसणं आहे. उमेदवार घाबरलाय की हरखलाय, हे बातमीदारानं बघितलंच नाही, तरी ‘एक्सायटेड’ लिहून बातमी पुरी होते.