पोलिसी जबाबाचे गद्य : बोलणारा, लिहिणारा आणि वाचणारा

मराठी गद्याचा विचार करताना बखर, पत्रव्यवहार, निबंध आणि कादंबरी यांचे विवेचन पुष्कळ झाले आहे. पोलीस ठाण्यात रोज लिहिल्या जाणाऱ्या गद्याकडे मात्र वाङ्मयाच्या आणि भाषेच्या अभ्यासकांनी फारसे वळून पाहिलेले नाही. फिर्याद, जबाब आणि पंचनामा हे या गद्याचे तीन मुख्य प्रकार होत. लेखनाशी एरव्ही संबंध न येणाऱ्या माणसाचे बोलणे कागदावर उतरण्याचा प्रसंग पुष्कळदा येथेच येतो, आणि त्या कागदावर त्याचे किंवा दुसऱ्या कोणाचे स्वातंत्र्य अवलंबून असते. म्हणून या गद्याची समीक्षा हा केवळ शैलीचा प्रश्न राहत नाही.

या भाषेवर नेहमी घेतला जाणारा आक्षेप तिच्या शब्दसंग्रहावर असतो. ती फारसी शब्दांनी भरलेली आहे, जुनाट आहे, असे म्हटले जाते. हे शब्द जुने आहेत यात शंका नाही. परंतु त्यांचा इतिहास तुच्छ लेखण्यासारखा नाही. ‘फिर्याद’ या फारसी शब्दाचा मूळ अर्थ हाक, आक्रोश असा आहे. ‘जबाब’ म्हणजे उत्तर. ‘इसम’ हा अरबी शब्द मुळात ‘नाव’ या अर्थाचा. त्यामुळे ज्याचे नाव ठाऊक नाही त्याला ‘अनोळखी इसम’ म्हणण्यात एक गमतीदार विरोध साधला गेला आहे. ‘हवालदार’ या शब्दात सोपवणुकीची कल्पना आहे, तर ‘फौजदार’ हा सैन्याचा अधिकारी. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर परिभाषेचे मोठे कार्य झाले आणि ‘पोलीस उपनिरीक्षक’ हे पदनाम रूढ झाले. तरी लोकांच्या तोंडी ‘फौजदार’ टिकून राहिला. शब्द बदलल्याने नाते बदलत नाही, हे यावरून दिसते. या गद्याचा खरा दोष शब्दांत नसून वाक्यरचनेत आहे : बोलणारा कोण आणि लिहिणारा कोण, हे ती रचना झाकून टाकते.

एक रचलेले उदाहरण घ्यावे. एखादा शेतकरी ठाण्यात येऊन सांगतो, “गाडी दारात लावली होती, सकाळी बघतो तर नाही.” ठाणे अंमलदारापुढील कागदावर हेच पुढीलप्रमाणे उतरते : ‘कोणीतरी अज्ञात चोरट्याने माझी मोटारसायकल माझे संमतीशिवाय लबाडीच्या इराद्याने स्वतःचे फायद्याकरिता चोरून नेली आहे.’ संमतीचा अभाव आणि लबाडीचा इरादा या गोष्टी शेतकऱ्याने उच्चारलेल्या नाहीत. त्या १८६० च्या भारतीय दंड संहितेतील चोरीच्या व्याख्येतून आल्या आहेत. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेची जागा भारतीय न्याय संहितेने घेतली. चोरीच्या व्याख्येतील हे घटक मात्र कायम राहिले. म्हणजे येथे कायद्याचे कलम प्रथमपुरुषात बोलू लागते आणि ‘मी’ हे सर्वनाम शेतकऱ्याकडून उसने घेते. शेवटी ‘माझे सांगणेप्रमाणे बरोबर व खरे आहे’ असे वाक्य येते व त्याखाली सही किंवा अंगठा होतो.

चोरीच्या फिर्यादीत या रूपांतराने फारसे बिघडत नाही. साक्षीदाराच्या जबाबात मात्र त्याचे परिणाम गंभीर होतात. बोली मराठीत ‘म्हणे’ हा छोटासा शब्द फार मोठे काम करतो. ‘तो मागच्या दाराने पळाला म्हणे’ असे सांगणारी बाई आपण ते पाहिले नसून ऐकले आहे, हे त्या एका शब्दाने स्पष्ट करते. जबाबात तो शब्द ग्राम्य किंवा निरुपयोगी म्हणून गळला, की ‘तो मागील दाराने पळून गेला’ एवढेच उरते आणि ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली ठरते. तोंडी पुरावा प्रत्यक्ष असला पाहिजे, हे पुराव्याच्या कायद्याचे मूलतत्त्व. त्या तत्त्वाला आवश्यक असलेली खूण भाषेत उपलब्ध असताना ती लिहिणाराच पुसून टाकतो. दुसरा लोप प्रश्नांचा. जबाब हे नावच उत्तराचे. तथापि ज्या प्रश्नाचे ते उत्तर, तो प्रश्न सहसा लिहिला जात नाही. परिणामी विचारल्यावर दिलेला रुकार आणि आपण होऊन सांगितलेली हकीकत यांत भेद करणे वाचकाला अशक्य होते.

पंचनाम्याचे गद्य याहून वेगळे आहे आणि त्याचे गुण मान्य केले पाहिजेत. पूर्वेस, पश्चिमेस, दक्षिणेस व उत्तरेस काय आहे हे क्रमाने सांगण्याची त्याची रीत जुन्या दस्तऐवजांतील चतुःसीमेच्या वर्णनाशी नाते सांगते. स्थळाचे इतके शिस्तबद्ध वर्णन मराठी कथाकारांतही नेहमी आढळत नाही. ‘रात्री १० वाजण्याचे सुमारास’ यातील ‘सुमारास’ हा शब्द अनिश्चितता प्रामाणिकपणे राखतो. पण हेच गद्य वस्तूपाशी आले की कर्ता नाहीसा होतो. ‘चाकू मिळून आला’ या अकर्मक रचनेत चाकू जणू आपण होऊनच पुढे येतो. तो कोणी शोधला, कोणी प्रथम पाहिला आणि पंच त्या वेळी कोठे उभे होते, हे वाक्य सांगत नाही. नेमक्या याच प्रश्नांवर पुढे न्यायालयात पंचाची उलटतपासणी होते.

या कागदाचे कायद्यातील स्थान विचित्र आहे. तपासात पोलिसांनी लिहून घेतलेल्या जबाबावर साक्षीदाराची सही घेऊ नये, असा नियम १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होता आणि २०२३ च्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो आहे. हा जबाब स्वतंत्र पुरावा होत नाही. मुख्यतः साक्षीदाराच्या साक्षीतील विसंगती दाखवण्यासाठी तो वापरता येतो. महत्त्वाची गोष्ट जबाबात नसणे हीसुद्धा विसंगती ठरू शकते. म्हणजे वऱ्हाडी, अहिराणी किंवा कोरकू बोलणाऱ्या माणसाला वर्षानुवर्षांनी पिंजऱ्यात उभे करून, त्याने कधी न उच्चारलेल्या प्रमाण मराठी वाक्याचा जाब विचारला जातो. तो “असे मी सांगितले नव्हते” म्हणाला, तर खोटा ठरण्याचा धोका त्याला असतो, लिहिणाऱ्याला नव्हे.

तथापि याचे खापर लिहिणाऱ्या हवालदारावर फोडणे अन्यायाचे होईल. शिपाई, हवालदार, सहायक फौजदार अशा पायऱ्या चढत गेलेला हा कर्मचारी बंदोबस्त, समन्स आणि तपास यांतून वेळ काढून लिहीत असतो. ही भाषा तो मुख्यतः आधीचे कागद पाहून आणि अनुभवी रायटरच्या हाताखाली शिकतो. त्याने कलमाचे शब्द घातले नाहीत, तर वरिष्ठ विचारतील, ‘गुन्ह्याचे घटक कोठे आहेत?’ त्याचे वाचक म्हणजे निरीक्षक, सरकारी वकील आणि न्यायाधीश. समोर बसलेली फिर्यादी बाई ही त्याची वाचक नाहीच. कोणतेही गद्य ज्या वाचकासाठी लिहिले जाते त्याचे होऊन बसते. पोलीस आणि जनता यांतील अंतराची चर्चा वर्तणुकीच्या अंगाने नेहमी होते. ते अंतर वाक्यातही वसते, हे सहसा ध्यानात येत नाही.

म्हणून उपाय शब्दकोशात शोधून भागणार नाही. ‘इसम’ऐवजी ‘व्यक्ती’ आणि ‘फिर्याद’ऐवजी ‘तक्रार’ लिहिली, तरी ‘मी’ उसनाच राहील. आवश्यक आहे ती तीन साध्या गोष्टींची शिस्त : सांगणाऱ्याचे कळीचे शब्द त्याच्याच बोलीत अवतरणात ठेवणे, विचारलेला प्रश्न उत्तराच्या आधी लिहिणे, आणि कायदेशीर निष्कर्ष वेगळ्या परिच्छेदात पोलिसाच्या नावे मांडणे. यांपैकी एकीनेही गुन्ह्याचे घटक सुटत नाहीत. ते कोणाच्या तोंडचे आहेत एवढेच स्पष्ट होते.

नव्या संहितेने झडती व जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण आवश्यक केले आहे आणि साक्षीदाराच्या जबाबाचेही तसे मुद्रण करण्याची मुभा ठेवली आहे. त्यामुळे बोललेले वाक्य आणि लिहिलेले वाक्य शेजारी ठेवून तपासणे प्रथमच सुलभ होणार आहे. मुद्रणाचा यंत्र म्हणून उपयोग न्यायालये करतीलच. भाषेच्या अभ्यासकाचे काम त्यापुढचे आहे : कोणता शब्द गळला, कोणता घातला गेला आणि त्या फरकाने कोणाचे काय गेले, हे दाखवणे. ‘फिर्याद’ म्हणजे मुळात हाक. ती लिहून घेणाऱ्या कागदात हाक मारणाऱ्याचा आवाज ओळखू येणे, ही त्या कागदाकडून करावयाची पहिली अपेक्षा होय.